देवापुढची डबी

शुभदा,

तू गेलीस त्याला आज तेरा दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे. मी अकरा महिने तुझ्यावर रागावलेली होते; ऑफिसला येता येता तू बुओना व्हिस्टाच्या मेट्रो फलाटावर कोसळलीस, म्हणून तो राग आपोआप थोडाच जाणार होता? उलट वाढलाय. भांडण अर्धवट टाकून निघून जायचं, ही कुठली रीत झाली?

विद्यापीठाने तुझ्याविषयी ईमेल पाठवलं. चार परिच्छेद आणि तो तुझा ओळखपत्रावरचा भयाण फोटो. त्यात तू 'शांत आणि मनमिळाऊ' होतीस. मी वाचून एकटीच हसले. आलेखाखाली एकक लिहिलं नाही म्हणून एका ज्येष्ठ प्राध्यापकाला भर सभेत खाली बसवणारी बाई मनमिळाऊ! केंद्राची प्रमुख म्हणून त्या ईमेलखाली माझी सही हवी होती. केली. सह्या करण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं तू म्हणायचीसच.

आपलं केंद्र नेमकं काय करतं, हे मला अजून माझ्या सासूबाईंना पटवता आलेलं नाही. 'हवामानाचं संशोधन सरकारी अधिकाऱ्यांपर्यंत पोचवायचं,' असं मी सांगते, आणि त्या दर वेळी विचारतात, 'म्हणजे पोस्टमनचं काम?' तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, 'बरोबर आहे त्यांचं. फक्त आपली पोस्टमनबाई पाकीट फोडून निम्मं पत्र फेकून देते आणि मग उरलेलं पोचवते.' मी चिडले होते. पण वर्णन अचूक होतं, हे तेव्हाही कळलं होतं.

सहा वर्षांपूर्वी मी बँक सोडून इथे आले, तेव्हा विज्ञानाची बाजू सांभाळायला तू आधीच येऊन बसलेली होतीस. अधिकाऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलेल असं माणूस विद्यापीठाला हवं होतं आणि ते मला येत होतं. तू अकरा पानं द्यायचीस, मी त्यांचं एक पान करायचे. सरकारी खात्याला एकच पान लागतं. दुसरं पान कोणी उलटत नाही, हे मी बँकेतूनच शिकून आले होते. मी कापायला बसले की तू खुर्ची ओढून शेजारी बसायचीस आणि प्रत्येक वाक्यासाठी कळवळायचीस. 'अगं, हे नको ना कापूस. हे गेलं तर वरचं खोटं होतं.' तू मला 'कात्री' म्हणायचीस. मी तुला 'कदाचितबाई' म्हणायचे, कारण त्या शब्दाशिवाय तुझं एक वाक्य पुरं व्हायचं नाही. पाच वर्षं आपलं छान चाललं. छान म्हणजे रोज भांडून.

मग त्या डब्या आल्या.

कल्पना तुझीच होती. क्वीन्सटाउनचा तो जुना ब्लॉक, म्हणजे सरकारी घरांची ती उंच इमारत, पश्चिमेकडे तोंड केलेली एकेका खोलीची घरं, आणि त्यांत एकेकटी राहणारी म्हातारी माणसं. भिंती दुपारभर तापतात आणि रात्रभर ती धग घरात सोडत राहतात. तू म्हणायचीस, शहराचं तापमान उघड्या मैदानात मोजून काय उपयोग, या माणसांच्या उशाशी मोजा. खातं तेव्हा जुन्या ब्लॉकांची यादी करणार होतं. भिंतींना ऊन परतवणारा रंग, खिडक्यांवर सावलीची छपरं, अशी कामं त्या यादीतल्या ब्लॉकांना मिळणार होती. आपला ब्लॉक त्या यादीत यावा, एवढंच आपल्याला हवं होतं. तुलाही आणि मलाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे आपण एकमेकींना जे बोललो त्यात हे पार हरवलं.

काडेपेटीपेक्षा जराशा मोठ्या, पांढऱ्या, आपल्या आपण तापमान नोंदत राहणाऱ्या डब्या. खोकं आलं त्या दिवशी मी पहिल्या डबीला कुंकवाचं बोट लावलं आणि माझ्या केबिनमधल्या कपाटावरच्या गणपतीपुढे ठेवली. मी सगळ्याचंच तसं करते. नवा लॅपटॉपही, आणि आमच्या पीआरचे, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचे, कागदसुद्धा आधी देवापुढे गेले आणि मग फाइलमध्ये. तू दारात उभी राहून बघत होतीस.

'रेवती, ते उपकरण आहे. कुंकवाने त्याला काही फरक पडत नाही.'

'मग लावलं तर तुझं काय बिघडलं?' मी म्हटलं.

डब्या कुठे ठेवायच्या, याचं सूचनापत्र तू चार भाषांत करून घेतलं होतंस. डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या भिंतीला चिकटवून, ऊन, पंखा आणि शेगडीपासून दूर. चोख होतं. पण वाटायची वेळ आली तेव्हा तू परिषदेला गेली होतीस आणि मला घाई होती, म्हणून मी गेले. कागद कोणी वाचला नाही. चिकटपट्टीने भिंतीचा रंग निघेल, या भीतीने निम्म्या दारांतून 'नको नको' झालं. तेव्हा मी माझं कसब बाहेर काढलं. अवघड गोष्ट सोपी करून सांगायचं. दोन्ही हातांनी डबी पुढे करून मी एकेकाला म्हटलं, 'हे फार महत्त्वाचं आहे. चिकटवू नका. घरातल्या सगळ्यात चांगल्या जागी जपून ठेवा.' सगळ्यांनी माना डोलावल्या, सगळे हसले, एका आजोबांनी मला केक खायला दिला. संध्याकाळच्या आत माझं सगळं खोकं रिकामं झालं होतं आणि मी स्वतःवर भलतीच खूश होते.

काही महिन्यांनी आकडे आले. घरांतल्या तापमानाचा आपला आकडा मी इथे लिहीत नाही, नाहीतर तू असशील तिथून उठून येशील. पण काय आकडा होता तो! पानाच्या मधोमध ठेवला की खाली काही लिहायची गरजच पडू नये. तू म्हणालीस, 'थांब. काही घरं फारच तापलेली दिसतायत. मला एकदा जाऊन बघू दे.' मी म्हटलं, 'कदाचितबाई, घरं तापतात म्हणूनच तर आपण मोजतोय.' आणि पान पाठवून दिलं. खात्यातल्या मिस्टर गोहांकडून तोवर 'मिळालं, धन्यवाद' यापलीकडे कधी उत्तर आलं नव्हतं. त्यांचा चक्क फोन आला. यादी ठरवणाऱ्या बैठकीत आपल्याला दहा मिनिटं मिळाली.

बैठकीच्या दोन दिवस आधी तू मला न सांगता क्वीन्सटाउनला गेलीस आणि तिथून फोन केलास. 'ये इकडे. आत्ता.'

मी टॅक्सी करून आले. नवव्या मजल्यावर मॅडम ऑंगच्या दारात तू ओठ घट्ट मिटून उभी होतीस. ऐंशी ओलांडलेल्या मॅडम ऑंग मला बघून खूश झाल्या आणि हाताला धरून आत घेऊन गेल्या. खोलीत पलंगासमोर त्यांचा लाल देव्हारा. पुढे संत्री, उदबत्त्यांचं भांडं, दोन्ही बाजूंना चोवीस तास जळणारे विजेचे लाल दिवे. आणि देवाच्या पायाशी, एका दिव्याला टेकून, आपली डबी.

'तूच म्हणालीस ना, फार महत्त्वाचं आहे,' मॅडम ऑंग इथल्या लोकांच्या 'लाह' लावायच्या लकबीत मला म्हणाल्या. 'सगळ्यात चांगली जागा हीच, लाह. रोज पुसते मी.'

एवढं एकच घर असतं तर निभावलं असतं. आपण मजले पालथे घातले. चार दारं सोडून राहणाऱ्या तमिळ अम्मांनी डबी मुरुगनच्या तसबिरीखाली, समईला लागून ठेवली होती. वरच्या मजल्यावर एका बाईंनी गेलेल्या नवऱ्याच्या फोटोपुढे, मेणबत्तीशेजारी. सगळ्याच घरांत असं नव्हतं, पण पुष्कळ घरांत होतं. आपण घरं मोजत होतो असं आपल्याला वाटत होतं, आणि निम्मा वेळ दिवे मोजत होतो.

लिफ्टमध्ये शिरलो आणि तू हसायला लागलीस. 'आपल्याकडे काय वेगळं झालं असतं गं? माझं बारावीचं प्रमाणपत्र आईने वर्षभर अन्नपूर्णेच्या मागे ठेवलं होतं. तुपाचा डाग आहे त्यावर अजून.' मग मीही हसत सुटले. लिफ्टमध्ये चढलेला एक गृहस्थ आपल्याकडे पाठ करून उभा राहिला. तळमजल्यावर आलो तेव्हा आपण दोघी डोळे पुसत होतो. आपलं ते शेवटचं हसणं ठरलं.

ब्लॉकखालच्या कोपीटियममध्ये, म्हणजे चहाच्या हॉटेलात, दोन तेह घेऊन बसलो आणि तू म्हणालीस, 'परवा त्यांना सांगावं लागेल.'

'काय सांगावं लागेल?'

'की आकड्यावर विसंबू नका.'

मी म्हटलं, त्या मॅडम ऑंगला झोप येत नाही, दार उघडं टाकून दारात खुर्चीवर बसतात त्या, हे खोटं आहे का? तू म्हणालीस, 'ते खरं आहे. आकडा खरा आहे का, ते मला माहीत नाही.' मग आधी शांतपणे माहीत करून घे ना, मी म्हटलं, यादी होऊ दे, दुरुस्तीचं पत्र मागाहून पाठवू. तू मान हलवलीस. 'उद्या दुसऱ्या कुणी ते देव्हारे पाहिले, तर या केंद्राचं एकही पान पुन्हा कोणी वाचणार नाही. मॅडम ऑंगसाठीसुद्धा नाही.'

आणि मी ते म्हणाले. 'तुला प्रामाणिकपणाचं पदक हवंय. घामाने निथळणारी ती बाई नकोय तुला.'

तू चहाला हात न लावता उठलीस. 'आणि तू तिच्या घामावर काहीही खपवायला तयार आहेस,' म्हणालीस. मागच्या टेबलावरचे लोक वळून बघत होते. आपण मराठीत भांडत होतो, पण ते कळायला भाषा येण्याची गरज नव्हती.

बैठकीत तू सांगितलंस. माझी पाच मिनिटं झाली, तू उभी राहिलीस आणि अगदी सपाट आवाजात म्हणालीस की काही घरांत उपकरणं दिव्यांजवळ ठेवली गेली, त्यामुळे हा आकडा वापरू नये. कोणीतरी विचारलं, असं कसं झालं, कोणी सांगितलं होतं तसं ठेवायला? मी पाण्याचा पेला उचलला. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. म्हणालीस, 'सूचना माझ्या होत्या.'

मी पाणी प्यायले. एवढंच केलं मी, शुभदा.

मिस्टर गोहांनी आभार मानले, आपल्या स्पष्टपणाचं कौतुक केलं आणि म्हणाले, पुढच्या फेरीत बघू. यादी झाली. आपला ब्लॉक तिच्यात नव्हता. त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगत आले की शुभदाच्या हट्टापायी वर्ष वाया गेलं. घरी सांगितलं, ऑफिसात सांगितलं, सांगून सांगून मलाही ते पटलं. यादीचा राग खरा होता, खोटं नाही बोलत. पण त्याच्याखाली तो पाण्याचा पेला होता आणि तुझ्याशी बोलायला लागले असते तर आधी त्याच्याबद्दलच बोलावं लागलं असतं. म्हणून अकरा महिने आपण कामापुरतं बोललो. जेवायला तू चार टेबलं पलीकडे. बैठकीनंतर दोन आठवड्यांनी तुला स्टेंट घातला, तेव्हा मी फुलं पाठवली. केंद्रातर्फे! कार्डावर स्वतःच्या हाताने दोन शब्द लिहिले नाहीत. लाज वाटते आता. तेव्हाही वाटली होती, पण तेव्हा मी तिला राग म्हणत होते.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी मिस्टर गोहांचा फोन आला. सांत्वनाचं बोलून झालं आणि मग म्हणाले, पुढची यादी आता लवकरच होतेय, गुरुवारच्या नाही, त्यापुढच्या गुरुवारी बैठक आहे. जुनंच पान थोडं साफसूफ करून पाठवता येईल का? ती घरं वगळा, खाली एक तळटीप टाका. सोपं होतं. पण वगळायचं म्हणजे नेमकी दिव्याजवळची घरं वगळायची, आणि मॅडम ऑंगचं घर त्यांतलंच. उरलेल्या थोड्या घरांवर आकडा उभा राहत नव्हता. जुनी फाइल नीट पाहायला हवी होती आणि ती तुझ्या लॅपटॉपवर होती. म्हणून मी रविवारी संध्याकाळी हौगांगला तुझ्या घरी आले. तुझ्या लेकीला, ईशाला, म्हटलं, तुला भेटायला आलेय. एवढंही खरं बोलवलं नाही माझ्याच्याने.

किती दिवसांनी आले तुझ्या घरी! तुम्हा मायलेकींच्या त्या छोट्या फ्लॅटमध्ये तुझी चप्पल अजून दाराशीच होती. ईशाने चहा केला, चांगला केला. एकोणीस वर्षांची पोर माझीच समजूत घालत होती. तेवढ्यात कुठेतरी गजर वाजला. तुझा फोन. सात वाजले होते.

'सॉरी मावशी, टू मिनिट्स,' ती उठली. 'मम्माची पूजा. स्टेंटनंतर ती एकदम रिलिजस झाली, यू नो? रोज सात वाजता, शार्प. मी अजून बंद नाही केलं. बंद करायला... आय डोन्ट नो, कसंतरी वाटतं.'

तू? पूजा? गणपतीच्या दिवसांत आरतीला टाळ्या वाजवायचाही तुला कंटाळा. मी तिच्यामागे आत गेले. कोपऱ्यात तुझ्या आईचा छोटा गणपती होता, तो मला ठाऊक होता. पण त्याच्या दोन्ही बाजूंना विजेचे दोन लाल दिवे जळत होते. पुढे चिनी उदबत्त्यांचं भांडं. ईशाने तीन जाड उदबत्त्या पेटवून त्यात खोचल्या.

'हे दिवे कुठले गं?'

'चायनीज प्रेयर शॉप. सो एम्बॅरसिंग! मी किती वेळा म्हटलं, मम्मा, गणपतीला असे लाइट्स नसतात, लाह. शी सेड, असू देत, हेच पाहिजेत.'

गणपतीच्या पायाशी, उजव्या दिव्याला टेकून, एक पांढरी डबी होती. तिच्यावर कुंकवाचं पुसट बोट होतं. माझं. मी मागे वळून बघितलं. समोरच्या मोकळ्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीवर, पंख्यापासून दूर, चिकटपट्टीने लावलेली दुसरी डबी.

वही गणपतीखालच्या खणात होती. तुझं ते बारीक, उजवीकडे पडणारं अक्षर. रोजची एक ओळ. उदबत्त्या किती वाजता लावल्या, खिडकी उघडी की बंद, बाहेर पाऊस आहे का. दिव्याजवळची डबी समोरच्या डबीपेक्षा किती जास्त तापते, हे तू वर्षभर मोजणार होतीस, पावसाचे महिने आणि कोरडे महिने सगळे धरून, म्हणजे तेवढं क्वीन्सटाउनच्या आकड्यातून वजा करता येईल. म्हणजे माझा आकडा टाकून द्यावा लागणार नाही. त्यातलं खरं तेवढं हाती लागेल, आणि मॅडम ऑंगचं घर वगळावं लागणार नाही. समासात तुझ्या शंका होत्याच: हौगांगची भिंत वेगळी, मजला वेगळा, जपून. कदाचित, कदाचित, कदाचित.

पहिल्या पानाच्या डोक्यावर तू लिहिलं होतंस: 'रेवतीला इतक्यात सांगायचं नाही. आकडा दिसला की धावत सुटते.'

मी वही टेबलावर आपटली. खरंच आपटली, कप हलला. अकरा महिने! माझ्यासाठी अकरा महिने रोज सातला उदबत्त्या लावत होतीस आणि दुपारी माझ्यापासून चार टेबलं दूर बसून गुपचूप डबा खात होतीस? एकदा येऊन म्हणायचं होतंस, कात्री, मी हे करतेय, तू तोंड बंद ठेव. ठेवलं असतं मी. नसतं ठेवलं. कळतंय मला, नसतं ठेवलं. मी दुसऱ्याच दिवशी मिस्टर गोहांना फोन केला असता. तुझं बरोबर होतं, आणि तू बरोबर असण्याचा मला किती वैताग येतो, हे तू जिवंत असताना तुला पुरेसं सांगितलं नाही याचंच आता वाईट वाटतं.

ईशा बावरून उभी होती. 'मावशी, त्या फ्रायडेला मी लावली नाही,' ती म्हणाली. 'मी हॉस्पिटलमध्ये होते. फक्त तो एक दिवस. सॉरी.'

तिला वाटलं, पूजा चुकली म्हणून मी चिडले. मी तिला जवळ घेतलं आणि सगळं सांगितलं. देव्हारे, दिवे, बैठक, पाण्याचा पेलासुद्धा. तिला पहिल्यांदा सांगितला तो. तिने त्या दोन डब्यांकडे आळीपाळीने बघितलं.

'सो शी वॉजन्ट प्रेइंग? होल इयर?'

'नाही गं. मोजत होती.'

'ओह,' ती म्हणाली आणि तुझ्यासारखीच, नाकातून हसली. 'ओके. दॅट मेक्स मोअर सेन्स.' मग रडली. तेरा दिवसांत ती माझ्यासमोर एवढंच रडली.

वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर, गुरुवारच्या नोंदीखाली, एक ओळ होती. 'वर्ष पुरं झालं की आधी रेवतीला.' ते घरी येताना एमआरटीच्या गाडीत वाचलं. तुझ्या घरी वाचलं नाही ते बरं झालं.

आज सकाळी बैठक झाली. जुनं पान मी नेलं नाही. दहा मिनिटं मिळाली होती, त्यातलं पहिलंच मिनिट मी गेल्या वर्षीसाठी घेतलं. म्हटलं, तेव्हा डॉक्टर शुभदा म्हणाल्या होत्या की सूचना त्यांच्या होत्या. त्यांच्या सूचना बरोबर होत्या. त्या बाजूला ठेवून 'चांगल्या जागी जपून ठेवा' असं घरोघरी मी सांगितलं. त्या उभ्या राहिल्या तेव्हा मी गप्प बसले. मला वाटलं होतं, हे बोलले की छातीवरचं ओझं उतरेल. कसलं काय. मिस्टर गोह म्हणाले, 'नोटेड,' आणि पुढचा मुद्दा विचारला. अकरा महिने जे गिळून बसले होते, ते 'नोटेड' झालं.

मग तुझी वही दाखवली. वर्ष पुरं व्हायला अजून पाच आठवडे आहेत, त्याआधी आकडा देणार नाही, म्हटलं. मिस्टर गोहांनी कॅलेंडर पाहिलं. यादी चार आठवड्यांत बंद होते. हे असंच असतं बघ नेहमी! तू एका आठवड्यासाठी अडणार आणि ते एका आठवड्यासाठी थांबणार नाहीत, आणि मधे मी. जुन्या सवयीने जीभ वळवळली. अकरा महिन्यांच्या नोंदी आहेत की हातात, उरलेल्याचा अंदाज बांधून देता येईल, कोण विचारतंय? तू शेजारी नव्हतीस. मला अडवायला कोणी नव्हतं, आणि याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप आला. मी म्हटलं, 'पाच आठवडे.'

त्यांनी पेन उचलून यादीवर टेकवलं. मग म्हणाले, यादीत एक ओळ रिकामी ठेवून बघतो, वचन देत नाही. आणि उठताना म्हणाले, 'पण एकच पान, ओके?'

'दीड,' मी म्हटलं. 'काय माहीत नाही, तेही लिहायचं आहे.'

ब्लॉक यादीत येईल का? कदाचित. बघ, लावलीस ना सवय.

संध्याकाळी मी पुन्हा हौगांगला आले. हे पाच आठवडे मी रोज येणार आहे, ईशाची परीक्षा आहे आणि तिला एकटीला हे जमण्यासारखं नाही. खरं म्हणजे तिला जमतं; मलाच यायचं आहे. तुझा गजर वाजला. लाल दिवे जळतच होते. ईशाने तीन उदबत्त्या पेटवल्या, मी खिडकी उघडी असल्याचं बघितलं आणि वही उघडली. तुझ्या अक्षरातली शेवटची ओळ, मग त्या शुक्रवारची कोरी जागा, मग आठवून आठवून आम्ही भरलेले दिवस. ईशाने आजची वेळ लिहिली: सात वाजून दोन मिनिटं.

'मावशी,' तिने विचारलं, 'आता प्रे करायचं की नाही?'

'नाही,' मी म्हटलं. 'उदबत्ती लावायची आणि वेळ लिहायची.'

तिने मान हलवली. पेन खाली ठेवलं. मग आम्ही दोघीही तिथेच उभ्या राहिलो आणि आधी तिने, मग मी, हात जोडले. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. त्याने डबीला काही फरक पडत नाही.